तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला भेटायला जाताना पान्यांची पेटी कशाला?

माझा मुलगा कॉलेजात शिकतो आणि एक जुनी गाडी चालवतो. तो तिचा तिसरा मालक. त्याला भेटायला मी चार दिवस जाते आणि त्यातला एक दिवस गाडीखाली जातो, हे कळलं की लोक विचारतात, "गॅरेजला का टाकत नाही? तेवढाच वेळ मुलाबरोबर बसा की!" प्रश्न आपुलकीचा असतो. म्हणून नीट उत्तर देते.

गॅरेजशी माझं वाकडं नाही. एअरबॅग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस ही कामं मी कधीच हातात घेत नाही. पण जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकांनी पुढे ढकललेली कामंही आपल्याच घरी येतात, आणि त्यांची यादी कोणी देत नाही. या गाडीचं सर्व्हिस बुक अर्धं कोरं होतं. कोणीतरी एकदा शांतपणे तिच्याखाली डोकावायला हवं होतं, आणि मला ते येतं. पहिल्या वर्षी उत्तर एवढंच होतं.

या खेपेपासून ते बदललं.

जायच्या आधी तीन आठवडे तो फोनवर म्हणाला होता, "आई, ब्रेकमधून शिट्टीसारखं काहीतरी वाजतं. पण ब्रेक लागतात." मी विचारलं, पेडल दाबल्यावर वाजतं की सोडल्यावर? पुढून की मागून? त्याला सांगता येईना. "तू आलीस की बघ," म्हणाला. मीही बरं म्हटलं.

गेल्यावर सपाट जागा बघून गाडी लावली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, चाक जमिनीवर असतानाच नट सैल केले, मग जॅक आणि लगेच खाली स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. पुढचं डावं चाक काढलं. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात, आणि पॅडवरचा मसाला हळूहळू झिजतो. बाहेरच्या पॅडवर ६ मिलिमीटर मसाला होता. बाहेरून डोकावणाऱ्याला तेवढाच दिसतो, आणि तो म्हणेल, अजून पुष्कळ चालतील. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड धरणारा चिमटा, उचलून आतला पॅड काढला तर त्यावर जेमतेम १ मिलिमीटर उरला होता. साधारण ३ वर आला की पॅड बदलायचा असतो. त्याला एक छोटी पत्ती असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासून शिट्टी वाजवते. म्हणजे पत्तीने तीन आठवडे आपलं काम चोख केलं होतं. त्यापुढची पायरी लोखंडावर लोखंड. तेव्हा शिट्टी जाऊन खरखर येते, आणि ब्रेकवरचा भरवसा संपतो.

पण एकाच चाकाचे दोन पॅड असे वेगवेगळे का झिजावेत? या जातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन जाम झाली की सरकणं थांबतं आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. इथे खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं. त्यातून पाणी शिरून पिन गंजली होती. नुसते नवे पॅड टाकले असते तर थोड्याच महिन्यांत पुन्हा हेच झालं असतं. दुरुस्तीतला मला सगळ्यांत प्रिय असा हा क्षण आहे: काय झिजलं याच्या मागे जाऊन का झिजलं ते सापडतं.

लोक समजतात की काम करता करता मायलेकांच्या गप्पा होत असतील. होत नाहीत. ब्रेकचं काम चालू असताना मी बोलत नाही. पण ती पिन फिरवून फिरवून सोडवत होते तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. मागच्या वेळी तो अभ्यास करत असताना मी एकटीनेच सगळं उरकलं होतं. त्यातून तो काय शिकला? आई आली की गाडी नीट होते. म्हणूनच तीन आठवडे तो त्या शिट्टीसकट गाडी चालवत राहिला. माझी वाट बघत. १ मिलिमीटरवर.

मी उठले आणि ग्रीसची ट्यूब त्याच्या हातात दिली.

पिन त्याने स्वच्छ केली, नवं रबर बसवलं. ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीसच का, हे त्याने विचारलं. साध्या ग्रीसने ते रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडं ठेवलं, पातळी वर येते म्हणून. ऑइल काळपट झालं होतं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ जातीचं नवं ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. ते काम मात्र दुसऱ्या दिवशी गॅरेजला दिलं, कारण एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, नळ्यांत हवा राहिलेली मला चालणार नव्हती.

उजवीकडचे पॅड त्याने एकट्याने बदलले. पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलायचे असतात. मला जे पाऊण तासात झालं असतं, त्याला अडीच तास लागले. मी एकदाच मध्ये पडले, नट हाताने न फिरवता थेट पान्याने बसवायला गेला तेव्हा. आटे आडवे बसले की बोल्ट वाया जातो. बाकी वेळ गप्प उभं राहणं मला त्या पिनेपेक्षा जड गेलं.

शेवटी गाडी जागची हलवायच्या आधी त्याला पेडल दाबायला सांगितलं. पाय थेट तळाशी गेला. त्याचा चेहरा उतरला. "अजून दाब," म्हटलं. चौथ्या दाबाला पेडल घट्ट झालं. पॅड बदलल्यावर ही पायरी विसरून गाडी काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही.

निघताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना, त्याच्याकडेच ठेवून आले. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा तपास, ११० न्यूटन मीटरला, असं सांगितलं.

नवव्या दिवशी फोन आला. "नट तपासले. उजवीकडचा एक थोडा फिरला, बाकी जागच्या जागी. आणि आई, मागून डावीकडून एक आवाज येतो. फक्त खड्ड्यातून जाताना. ब्रेक दाबलेला नसतो तेव्हाही येतो. डिकी रिकामी करून पाहिली, तरी येतो. उद्या चाक काढून बघतोय."