पाच क्वाड आणि ४.२२ गुण

१७ फेब्रुवारी २०२२. क्रीडा डेस्कवर पानाचा हिशेब दुपारीच लागला होता. रणजी करंडक त्या दिवशी सुरू झाला होता आणि अहमदाबादेत सौराष्ट्राविरुद्ध अजिंक्य रहाणेचं शतक झालं की तीच लीड, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्या रात्री कोलकात्यात वेस्ट इंडिजविरुद्धची ट्वेंटी-२० जिंकलेली, तिचा फॉलोअप. उरलेल्या जागेत बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकच्या महिला फिगर स्केटिंगला दोन कॉलम आणि एक फोटो मिळाला. स्पर्धा बीजिंगच्या वेळेप्रमाणे सहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होणार होती. निकाल डाक आवृत्तीच्या आधी हातात पडणार, एवढं बरं होतं.

गोंधळ पहिल्या ओळीपासून होता. स्पर्धा दोन कार्यक्रमांची, आधी छोटा 'शॉर्ट', मग मोठा 'फ्री'. फ्री स्केटिंगमध्ये चोवीस जणी खेळतात, हा नियम. वृत्तसंस्थेच्या कॉपीत पंचवीस लिहिलेलं. शेजारच्या नव्या उपसंपादकाने ती चूक समजून चोवीस करायला घेतलं, त्याला थांबवलं. आकडा बरोबर होता. पंधरा वर्षांची रशियन कमिला व्हालियेव्हा शॉर्ट प्रोग्राममध्ये ८२.१६ गुणांनी पहिली आलेली होती आणि तिच्या २५ डिसेंबर २०२१ च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे खेळाडूंना बंदी असलेलं हृदयविकारावरचं औषध सापडलं होतं. क्रीडा लवादाने १४ फेब्रुवारीला तिला खेळू दिलं, पण प्रकरण निकालात काढलं नाही. उद्या ती बाद झाली तर पंचविसावीवर अन्याय नको, म्हणून एक जागा वाढवलेली. व्हालियेव्हा पहिल्या तिघींत आली तर पदक समारंभच होणार नाही, हेही आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने आधीच जाहीर केलेलं. त्यामुळे मथळे आधीच वेगवेगळे करून ठेवावे लागले: ती जिंकली तर एक, दुसरी-तिसरी आली तर एक, आणि चौथी किंवा खाली गेली तर एक. तिसरा कुणी फारसा मनावर घेऊन लिहिला नव्हता.

या खेळाची बातमी करताना एक कारकुनी काम आधी उरकून घ्यावं लागतं, ते म्हणजे वजाबाकी. शॉर्ट आणि फ्री यांची बेरीज म्हणजे निकाल. तेव्हा शेवटची खेळाडू बर्फावर उतरण्याआधी तिला किती हवेत ते कागदावर मांडून ठेवायचं. आन्ना श्चेर्बाकोव्हाचे फ्रीमध्ये १७५.७५ झाले, शॉर्टचे ८०.२० धरून २५५.९५. म्हणजे व्हालियेव्हाला सोन्यासाठी १७३.७९ च्या वर हवेत. जपानच्या काओरी साकामोतोची बेरीज २३३.१३, म्हणजे कांस्यासाठी १५०.९७ च्या वर. दहा दिवसांपूर्वी सांघिक स्पर्धेत याच मुलीने एकदा पडूनही फ्रीमध्ये १७८.९२ काढले होते. १५०.९७ हा आकडा मी लिहिला खरा, पण लागेल असं वाटलं नव्हतं.

ती सगळ्यात शेवटी आली. पहिली क्वाड साल्काऊ, म्हणजे हवेत चार फेऱ्या घेणारी साल्काऊ जातीची उडी, उभी राहिली आणि नंतर कार्यक्रम विस्कटला. दोनदा पडली. फ्रीचे १४१.९३, एकूण २२४.०९, चौथी. कॅमेऱ्यासमोर प्रशिक्षक एतेरी तुत्बेरिद्झे तिला सांत्वनाऐवजी विचारत होत्या की लढायचं का सोडलंस. तिसरा मथळा काढून लावला.

पण रात्रपाळीचे संपादक अडले ते दुसऱ्याच ठिकाणी. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "ही त्रुसोव्हा फ्रीमध्ये पहिली आहे ना? पाच क्वाड मारल्या, आजवर कुठल्या बाईने मारल्या नाहीत असं तूच लिहिलंयस. मग रौप्य कसं? वाचक सकाळी हेच विचारणार."

प्रश्न रास्त होता. टीव्हीवरही तेच चाललं होतं. अलेक्सांद्रा त्रुसोव्हा रडत होती, सगळ्यांकडे सुवर्ण आहे, माझ्याकडेच नाही, असं म्हणत होती. आणि तिकडे विजेती श्चेर्बाकोव्हा टेडी घेऊन एकटीच उभी, तिच्याकडे बघायला कुणाला सवड नाही. रडण्यावरून मथळा करायचा मोह बऱ्याच जणांना झाला. आकडे बघितल्यावर तो मथळा मला आळशीपणाचा वाटला.

उत्तर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या गुणपत्रकात असतं. स्पर्धा संपल्यावर थोड्या वेळात त्याची पीडीएफ लागते. प्रत्येक खेळाडूची एक पट्टी. डावीकडे घटकाचं नाव, 4Lz म्हणजे क्वाड लुत्झ, 3A म्हणजे ट्रिपल ॲक्सेल. मग बेस व्हॅल्यू, म्हणजे घटकाचा ठरलेला मूळ भाव, मग जीओई, म्हणजे तो किती चांगला केला त्याचे वाढीव किंवा वजा गुण, मग नऊ पंचांच्या खुणा उणे पाच ते अधिक पाच, शेवटी पॅनेलचा गुण. नऊपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची खूण टाकून उरलेल्या सातांची सरासरी घेतात. एक खूण म्हणजे बेस व्हॅल्यूच्या दहा टक्के. नावाच्या पुढे बाणासारखं चिन्ह दिसलं तर फेरी पावपेक्षा जास्त कमी पडलेली, दोन बाण दिसले तर निम्मी किंवा त्याहूनही जास्त कमी पडलेली. 'e' म्हणजे उडी चुकीच्या कडेवरून घेतली. हा 'e' बहुतेक फ्लिप आणि लुत्झला लागतो, कारण दोन्हींत मागे सरकत टोकदार दात बर्फात रोवून उडतात, फरक फक्त कडेचा. फ्लिप आतल्या कडेवरून, लुत्झ बाहेरच्या. लुत्झला शरीर एका बाजूला वळत असतं आणि फेरी उलट्या बाजूला घ्यायची असते, म्हणून पाय शेवटच्या क्षणी आत झुकायला बघतो.

त्या हंगामाचा भाव असा होता: क्वाड टो लूप ९.५, साल्काऊ ९.७, फ्लिप ११, लुत्झ ११.५. त्रुसोव्हाने फ्लिप, साल्काऊ, टो लूप आणि दोन लुत्झ मारल्या. एका लुत्झला ट्रिपल टो लूप जोडलेली. ही जोडी नुसत्या कागदावर ११.५ अधिक ४.२, म्हणजे १५.७ ची. फ्रीमधल्या सात उडी-घटकांपैकी शेवटच्या तिनांत टाकली तर दहा टक्के जास्त, १७.२७. थकलेल्या पायांवर घेतलेल्या उडीचा तो मोबदला. दोनच लुत्झ का, तर एकच जातीची क्वाड दुसऱ्यांदा घेता येते, आणि दोन्हीपैकी एकीला जोड लागते, नाहीतर दुसरीचे सत्तर टक्केच मिळतात. म्हणजे पाच क्वाड हा नुसता धाडसाचा कार्यक्रम नव्हता, नियमाच्या चौकटीत घट्ट बसवलेला होता.

त्रुसोव्हाचे तांत्रिक गुण १०६.१६, श्चेर्बाकोव्हाचे १००.४९. इथे त्रुसोव्हा ५.६७ ने पुढे. दुसरा रकाना कंपोनंटचा, तेव्हा त्यात पाच गोष्टी होत्या: स्केटिंगचं कसब, दुवे, सादरीकरण, रचना, संगीताचा अर्थ. पाचांना दहापैकी गुण, बायकांच्या फ्रीमध्ये त्यांना तेव्हा १.६ ने गुणायचे, म्हणजे कमाल ८०. त्रुसोव्हाला ७०.९७, श्चेर्बाकोव्हाला ७५.२६. सरासरी काढली तर ८.८७ आणि ९.४१. इथे ४.२९ गेले. हातात राहिली १.३८ ची आघाडी. त्रुसोव्हाचे चाहते इथेच थांबतात आणि कंपोनंटवर बोट ठेवतात. पंच नाव बघून देतात, उडी मोजता येते पण 'दुवे' कोण मोजणार, वगैरे. तक्रारीत तथ्य नाही असं नाही. पण त्रुसोव्हाचा कार्यक्रम नीट बघितला तर क्वाडच्या आधीची धाव लांबलचक असते, दोन उड्यांमध्ये पाय फारसं काही करत नाहीत. श्चेर्बाकोव्हाने दोन क्वाड फ्लिप घेतल्या, एक ट्रिपल टो लूपला जोडून, आणि उड्यांच्या मधली जागा रिकामी सोडली नाही. फ्रीपुरता अर्ध्या गुणाचा सरासरी फरक मला अन्याय्य वाटत नाही.

खरी जागा दोन दिवस आधीची. १५ फेब्रुवारीच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये त्रुसोव्हाचे ७४.६०, श्चेर्बाकोव्हाचे ८०.२०. ५.६० चा फरक. त्यातून फ्रीचे १.३८ वजा केले की ४.२२ उरतात, आणि तेवढ्यानेच सुवर्ण गेलं.

शॉर्टमध्ये बायकांना क्वाड घ्यायची परवानगी नव्हती. पुरुषांना होती. बायकांनी ॲक्सेल डबल किंवा ट्रिपल, एक सुटी ट्रिपल आणि एक जोडी, एवढंच करायचं. म्हणजे जिच्याकडे चार जातींच्या क्वाड आहेत तिला तिथे एकही वापरता येत नाही. गुण वाढवायला एकच दार, ट्रिपल ॲक्सेल. आणि नेमकी हीच उडी तिच्या अंगवळणी पडलेली नव्हती. लोकांना हे विचित्र वाटतं, क्वाड येते आणि ट्रिपल येत नाही? पण बाकी सगळ्या उड्या मागे सरकत घेतात, ॲक्सेल एकटीच पुढे तोंड करून. उतरायचं मात्र मागेच, म्हणून साडेतीन फेऱ्या. ताल वेगळा. मोकळ्या पायाचा गुडघा वर खेचून उंची घ्यायची आणि मग अंग आवळायचं. जिची ताकद झटकन घट्ट होऊन गरगर फिरण्यात आहे तिला हा थांबा मानवत नाही. घाईने आवळलं की उंची गेली, आणि अक्ष कलला की पडणं ठरलेलं.

ती पडली. आता हिशेब. ट्रिपल ॲक्सेल ८.० ची. पडल्यावर पंच उणे पाच देतात, म्हणजे निम्मे गेले, उरले ४. पडण्याचा वेगळा एक गुण वजा. हातात ३, तेही फेऱ्या पूर्ण धरल्या तर. ती नुसती उभी राहिली असती, जीओई शून्य, कुठलीही शोभा नाही, तर ८. फरक किमान पाचाचा. ४.२२ पेक्षा जास्त. संपादकांना हवी होती ती ओळ हीच होती.

मग बाजूने लगेच आलं, "मग साधी डबल मारायची ना! कशाला हट्ट?" हेही मांडून बघितलं. डबल ॲक्सेल ३.३ ची. नऊच्या नऊ पंचांनी अधिक पाच दिले तरी ४.९५. पडलेल्या ट्रिपलपेक्षा १.९५ जास्त. न पडल्यामुळे कंपोनंट थोडे वाढले असते हे धरलं तरी ४.२२ भरून निघणं अवघड. सुरक्षित खेळून ती बहुधा रौप्यावरच आली असती, फक्त कमी रडत. ट्रिपल ॲक्सेल घेणं हा हट्ट नव्हता, सुवर्णाकडे जाणारा तो जवळपास एकमेव रस्ता होता. तिच्यावर टीका करणाऱ्यांनी हे गणित केलेलं दिसलं नाही. तिच्या बाजूने भांडणाऱ्यांनीही नाही. ते सगळे फ्रीच्या कंपोनंटवर अडकलेले.

साकामोतोचं उदाहरण त्यांनी बघायला हवं होतं. एक क्वाड नाही, ट्रिपल ॲक्सेल नाही, आणि शॉर्टमध्ये ७९.८४. तिची डबल ॲक्सेल वेगाने येते, लांब जाते आणि उतरल्यावर वेग तसाच राहतो. त्रुसोव्हापेक्षा शॉर्टमध्ये पाचच्या वर गुण तिने अशा साध्या घटकांच्या बळावर काढले आणि कांस्य घेतलं.

चौकट पुन्हा लिहिली. आठ ओळी, तीन वजाबाक्या. मथळा "सुवर्ण हुकले ते शॉर्टमध्ये". रडण्याचा उल्लेख फोटोओळीत ठेवला, तिथे तो चालतो. या तिघी रशियन मुलींपुढे रशिया न लिहिता आरओसी (रशियन ऑलिम्पिक समिती) लिहायचं, हे शेवटच्या प्रूफमध्ये पुन्हा तपासलं, कारण ध्वज आणि राष्ट्रगीत दोन्हींवर बंदी होती. रहाणेचं शतक लीडला गेलं आणि पान सुटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आले ते मात्र व्हालियेव्हाबद्दल. ती जिंकली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न. त्याचं उत्तर पुढे मिळालं. २९ जानेवारी २०२४ ला लवादाने तिच्यावर २५ डिसेंबर २०२१ पासून चार वर्षांची बंदी घातली. तिचा चौथा क्रमांक पुसला गेला आणि दोन्ही कार्यक्रमांत ट्रिपल ॲक्सेल घेणारी वाकाबा हिगुची पाचवीची चौथी झाली. सांघिक सुवर्ण अमेरिकेला, रौप्य जपानला, आणि व्हालियेव्हाचे गुण वगळून रशियनांना कांस्य. वैयक्तिक पदकांत काहीच हललं नाही, ती चौथी आल्यामुळे.

त्याआधी, जून २०२२ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या फुकेतच्या अधिवेशनात वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचं ठरलं. "आता क्वाड मारणाऱ्या मुली संपल्या" असं तेव्हा बरेच जण म्हणाले. नियम असा की हंगामाआधीच्या १ जुलैपूर्वी वय पूर्ण हवं. त्रुसोव्हाचा जन्म २३ जून २००४ चा, श्चेर्बाकोव्हाचा २८ मार्च २००४ चा. नवा नियम बीजिंगला लावला असता तरी दोघी खेळल्या असत्या, त्रुसोव्हा आठवड्याच्या फरकाने. बाहेर राहिली असती ती एप्रिल २००६ ची व्हालियेव्हा. आणि कनिष्ठ गटाला तो नियम लागूच नाही. त्रुसोव्हाने मार्च २०१८ मध्ये सोफियाच्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत क्वाड टो लूप आणि क्वाड साल्काऊ उभ्या केल्या तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि त्याच ऑक्टोबरात येरेवानला क्वाड लुत्झ घेतली तीही कनिष्ठ गटातच.