चुकांच्या वहीने शिकवलेलं बिम

आमचं लायटिंग डिझाइनचं छोटं ऑफिस, पाच माणसांचं. ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये, लक्सचा, म्हणजे उजेड किती पडतो त्याचा, हिशोब डायलक्स सॉफ्टवेअरमध्ये, असं बरीच वर्षं बरं चाललं होतं. मग आर्किटेक्ट लोक बिम मॉडेलच, म्हणजे बिल्डिंगचं सगळ्या माहितीसकट 3डी मॉडेल, मागायला लागले, तेव्हा मी काय केलं तर रेव्हिट या बिम सॉफ्टवेअरचं लायसन्स घेतलं, एका मुलाला ट्रेनिंगला पाठवलं आणि म्हटलं चला, झालो आपण बिमवाले.

कसलं काय. बाकीचे सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे, जरा काही अडलं की त्यालाच हाका. वर्षभराने तो दुसरीकडे गेला आणि आम्ही परत शून्यावर. त्याचा काय दोष, लिहून ठेव असं मीच कधी सांगितलं नव्हतं.

मग तो डाउनलाइटचा, म्हणजे सीलिंगमध्ये बसवायच्या दिव्यांचा, घोळ. आम्ही दिवे आर्किटेक्टच्या लिंक केलेल्या मॉडेलमधल्या सीलिंगवर होस्ट केले होते, म्हणजे त्याला चिकटवले होते, त्यांनी ते सीलिंग डिलीट करून 150 मिमी खाली नवं काढलं आणि आमचे दिवे जुन्याच उंचीवर लटकत राहिले. शेड्यूलमध्ये, म्हणजे दिव्यांच्या यादीत, नग बरोबर, त्यामुळे कुणाला शंकाच नाही, शेवटी मीटिंगमध्ये सेक्शन कापला, म्हणजे मॉडेलचा उभा छेद घेतला, तर दिवे सीलिंगच्या वर, हवेच्या डक्टच्या शेजारी! लाज गेली.

त्यानंतर चुकांची वही सुरू केली, म्हणजे सर्व्हरवरची साधी फाइल, आठवड्याला एक तास, ज्याची चूक त्यानेच सांगायची. पहिली नोंद माझी. लाइट लॉस फॅक्टर, म्हणजे वापरात उजेड किती उरतो तो आकडा, 1 च राहिला होता, म्हणजे दिव्यांवर धूळ बसतच नाही म्हणा की, 0.8 धरला तर ऑफिसच्या टेबलावरचे 500 लक्स थेट 400 वर. साहेबच चुकलेत म्हटल्यावर पोरं मोकळी झाली, एकीने सांगितलं की एकाच पॅसेजचे वॅट बदलायचे होते पण टाइप प्रॉपर्टी बदलली आणि अख्ख्या बिल्डिंगमधले ते दिवे बदलले.

सगळ्यात भारी नोंद मात्र आमच्या काकांची, जे माऊसला हातही लावत नाहीत. ते म्हणाले, दिवा दिसतोय मॉडेलमध्ये, पण ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला करंट देणारा डबा, बदलायला हात कुठून घालणार? आता आमच्या प्रत्येक डाउनलाइटच्या फॅमिलीत, म्हणजे रेव्हिटमधल्या त्याच्या नमुन्यात, वर एक रिकामा खोका असतो, हात जाण्यापुरता, आणि डक्ट त्यात घुसला की क्लॅश रिपोर्टमध्ये, म्हणजे काय कशाला धडकतंय त्या यादीत, लाल होतो. ऑफिसात त्याचं नाव काकांचा खोका.