बांध फुटला तेव्हा संघटनेचे दप्तरच सापडेना

कोजागिरीच्या उधाणाला आमच्या खाजनाचा बांध फुटला. पहाटे शेजारचे काका दारात आले. "चल रे, मानसच्या बाजूनं पाणी आत शिरलंय." जाऊन पाहिलं तर मानसला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला, लागूनच सहा मीटरचं भगदाड, आणि झुआरी नदीचं पाणी कापणीला आलेल्या कोरगुट भातात घुसत होतं. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! कोरगुट खारं सोसतं, पण कापणीच्या तोंडावर खाऱ्या पाण्यात आडवं झालेलं भात कुणाच्या घरी यायचं?

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. खाजन म्हणजे नदीच्या भरतीपासून बांध घालून सोडवलेली जमीन. भरतीचं पाणी तिच्यापेक्षा उंच चढतं. मानसची लाकडी दारं भरतीच्या दाबानं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं तेव्हा उघडतात. या बांधाची आणि मानसची जबाबदारी पूर्वी गावकरीकडे, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेकडे होती. १९६४चा कूळ कायदा आणि त्याखालचे १९७५चे नियम आल्यावर ती कुळांच्या संघटनेकडे आली. मानसवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव होतो, ते पैसेही संघटनेचेच. त्यामुळे सरकारी मदत हवी असेल तर आधी संघटना कागदावर जिवंत असावी लागते.

आमची नव्हती. मामलेदार कचेरीत पहिलाच प्रश्न आला, कार्यकारिणी शेवटची कधी निवडली? कुणालाच आठवेना. जुने सचिव वारलेले, दप्तर त्यांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत निघालं. सभासदांच्या यादीतली निम्मी माणसं आता हयात नव्हती. तीन रविवार आम्ही एक-चौदाचे, म्हणजे शेतजमिनीचे उतारे हातात घेऊन घरोघर फिरलो. कुणाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, कुणाचा भाऊ मुंबईला. शेवटी सभा झाली, कार्यकारिणी निवडली, ठराव लिहिला, आणि कृषी खात्याच्या मृद्‌संधारण विभागाकडे अर्ज गेला.

पाहणीला तरुण इंजिनियर आला. ओहोटी साधून आला, याचं मला बरं वाटलं. त्यानं टेप लावून भगदाडाची लांबी घेतली आणि वही मिटणार, इतक्यात काकांनी बांबू आणून पाण्यात खुपसला. बांबू खाली खाली जातच राहिला. पाण्यानं आत खड्डा खणला होता, बांधाच्या उंचीहून खोल. "साहेब, वरचं मोजून भागायचं नाही, माती खालीच लागणार." त्यानं पँट गुडघ्यांपर्यंत वर घेतली, चिखलात उतरला आणि पाच ठिकाणी खोली मोजली. त्या दिवसाबद्दल मी त्या मुलाचा आजही ऋणी आहे. तो बांबू नसता तर एस्टिमेट अर्ध्यावर आलं असतं आणि मंजूर झालेल्या पैशांत काम पुरं झालंच नसतं.

त्यानंतर फाईल एका टेबलावर सात आठवडे पडून राहिली. कारण काय, तर एका उताऱ्यावर शिक्का नव्हता. हे कुणी कळवलं नाही, मीच चौथ्या खेपेला विचारल्यावर समजलं. मला फार राग आला, कारण भरती दिवसातून दोनदा येते. सहा मीटरचं भगदाड तोवर अकरा मीटरचं झालं होतं. सुदैवानं प्रत्येक उधाणाला आम्ही भगदाडाशेजारी बांबू रोवून तारखेसह फोटो काढत होतो. ते अर्जाला जोडले म्हणून सुधारित एस्टिमेट झालं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी पहिल्या दिवसापासून हे करावं.

जुलै २०२१मध्ये पूर आला तेव्हा १९८२नंतरचा हा सर्वांत मोठा, असं मुख्यमंत्री म्हणाले आणि सगळ्यांचं लक्ष गेलं. साखळी शहरात वाळवंटी नदीचं पाणी चढलं की बातमी होते, आणि व्हायलाच हवी. पण खाजन बुडतं तेव्हा घरं वाहून जात नाहीत. मिठानं जमीन मात्र जळते, आणि पुढचा पाऊस ते मीठ धुऊन काढेपर्यंत तिच्यात काही पेरता येत नाही.

वर्क ऑर्डर मार्चमध्ये आली. अष्टमीच्या भांगात पाणी कमी चढतं, तेवढ्या दिवसांतच भराव पुढे सरकायचा. कंत्राटदार नुसते चिरे रचायला निघाला होता. जुन्या माणसांनी अडवून आधी खड्ड्यात चिखलमाती ठासून घेतली, मग बाहेरून चिरे. मे महिन्याच्या शेवटच्या उधाणाला आम्ही दहा-बाराजण बांधावर बसलो होतो. पाणी चढलं, मानसची नवी दारं थरथरली आणि मिटली. आत एक धारही आली नाही.

यंदाच्या पावणीचे पैसे आम्ही वेगळ्या खात्यात ठेवलेत. सभासदांची यादी दर गुढीपाडव्याला तपासायची असं ठरलंय, आणि दप्तर सध्या माझ्या कपाटात आहे.