दोन नाना

वडोदरा, १४ मे

सकाळी साडेसातपासून सुरू. "नाना! ओ नाना!" शेजारच्या काकांचा नातू सुट्टीत आजोळी आलाय. गुजरातीत आईचे वडील ते नाना, आमच्या घरात मात्र वडिलांनाच नाना म्हणायची पद्धत. दांडिया बाजारातल्या या वाड्यात इतकी वर्षं दोन नाना सुखानं नांदले. जानेवारीत आमचे गेले.

चहा हातात तसाच राहिला. आणि डोक्यात आलं काय, तर यशवंतांची 'आई'. "आई म्हणोनि कोणी आईस हाक मारी, ती हाक येई कानी, मज होय शोककारी". शाळेत आम्ही गळे काढून म्हणायचो ही. 'स्वामी तिन्ही जगाचा' तर भाषणवाल्यांनी पार झिजवून टाकली. पण सुरुवात किती नेमकी आहे हे आज कळलं. आठवणी नंतर. आधी दुसऱ्याच कुणीतरी आपल्या आईला मारलेली हाक कानावर पडते आणि तिथून दुखायला लागतं. पुढं तर तो तिला हाक म्हणायलाच तयार नाही, कुऱ्हाडीचा घाव म्हणतो.

नानांना यशवंतांचा भारी अभिमान. 'आपल्या बडोद्याचे राजकवी!' कवी जन्मानं साताऱ्याकडचे, त्यांचं नि त्यांच्या कविमित्रांचं रविकिरण मंडळ १९२३ साली निघालं तेही पुण्यात, असं म्हटलं की चिडायचे. नाना सातवीत असताना त्यांची आई गेली. कविता तोंडपाठ, पण "आई कुणा म्हणू मी?" पाशी दर वेळी अडखळायचे. विसरले असं वाटून मी पुढचे शब्द सांगायचो. मोठ्यानं.

दुपारी वडिलांवरचं काही मिळतं का म्हणून पुस्तकं काढून बसलो. हाताला लागली ग्वाल्हेरच्या राजकवींची, तांब्यांची, 'जन पळभर म्हणतील हाय हाय'. "सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामी लागतिल". खरंय. तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी मी ऑफिसात होतो. पण ही जाणाऱ्याची कविता. त्याला शांत राहणं परवडतं. मिटून ठेवली.

एकटेपणा म्हणावं तर घर भरलेलं आहे. आई आहे, बायको, मुलं. नानांचं नावही दिवसातून दहादा निघतं: नानांची पेन्शन, नानांचा दाखला, नानांच्या चपला. षष्ठी उरलीय सगळी. संबोधन गेलं.

गेल्या मे महिन्यापर्यंत तो पोरगा खालून "नाना!" ओरडला की आमचे नाना गॅलरीतून मुद्दाम ओ द्यायचे, "बोल, दीकरा!" खालचे नाना खोटं खोटं रागवायचे. पोरगा खिदळत सुटायचा.

आज संध्याकाळी त्यानं हाक मारली आणि वर बघितलं. थांबला.

मी गॅलरीतच होतो. आईनं वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला वाकलो.