काळ्या पाषाणातील पेट्रोलगळतीचा माग

पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीला गळती लागली, की तिचा पहिला पुरावा बहुधा साठ्याच्या नोंदवहीत सापडतो. रोज सकाळी टाकीत मोजपट्टी सोडून घेतलेली पातळी आणि आदल्या दिवसाची विक्री यांचा मेळ बसत नसेल, तर शंका घ्यावी. मात्र २० हजार लीटरच्या भरलेल्या टाकीतील पेट्रोल तापमान ५ अंशांनी उतरले तरी शंभर लीटरच्या आसपास आकसते. म्हणून एका दिवसाची तूट काहीच सिद्ध करत नाही, महिनोन्‌महिने एकाच बाजूला झुकणारी तूट मात्र गंभीर असते.

खरी कसोटी जमिनीखाली लागते. वाळूच्या सलग थरात तीन निरीक्षण विहिरी घेऊन पाण्याचा उतार काढता येतो आणि त्या दिशेने प्रदूषणाचा माग लागतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये हा हिशेब अनेकदा फसतो. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक, मग सलग काळा पाषाण, त्याखाली पुन्हा सच्छिद्र मांजऱ्या खडक आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये कुठे तांबड्या मातीचा पट्टा, अशा रचनेत पेट्रोल भेगांच्या वाटेने जाते. त्यामुळे पंपाला लागून असलेली विहीर कोरी राहून दूरची विहीर बाधित होऊ शकते. म्हणून मी आधी परिसरातील जुन्या विहिरी पाहतो. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले, की विहिरीच्या उघड्या भिंतीत थर स्पष्ट दिसतात, झरे नेमके कोणत्या सांध्यातून येतात तेही कळते, आणि पाण्याला वास केव्हापासून येतो हे तिथले शेतकरी कोणत्याही यंत्राआधी सांगतात.

घाईने खोल बोअर मारण्याला माझा ठाम विरोध आहे. वरच्या बाधित थराला केसिंग आणि सिमेंटने बंद न करता खाली गेलेले बोअर वरची घाण खालच्या स्वच्छ पाण्यात नेऊन सोडते, आणि तपासणीच प्रदूषणाचे कारण ठरते.

पाण्याचा नमुना घेतानाही तितकीच काळजी हवी. ४० मिलिलीटरची काचेची कुपी काठोकाठ भरून, झाकण लावून, उलटी करून बोटाने टिचकी मारावी. आत बुडबुडा दिसला तर तो नमुना टाकून नवा घ्यावा, कारण पेट्रोलमधील बेंझीन हे विषारी, सहज उडून जाणारे रसायन त्या हवेत निघून जाते आणि प्रयोगशाळेचा आकडा खोटा कमी येतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील बेंझीनची मर्यादा लीटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन धरले, तर एका लीटर पेट्रोलमधील बेंझीन आठ लाख लीटरहून अधिक पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे.

पावसाळ्यानंतर पातळी काही मीटर वर चढते, तेव्हा पाण्यावर तरंगणारे पेट्रोल भेगांमध्ये पाण्याखाली अडकते आणि विहिरीत तवंग दिसेनासा होतो. मे महिन्यात पातळी उतरली, की तोच तवंग पुन्हा विहिरीत उतरतो. त्यामुळे केवळ ऑक्टोबरच्या एका नमुन्यावर ‘जागा स्वच्छ’ असा शेरा मारणे मला मान्य नाही. निदान एक पूर्ण जलवर्ष, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचा काळ धरून, त्याच विहिरींतील पातळी आणि नमुने अहवालात आलेच पाहिजेत.