हुलकावणी लपवायची की दाखवायची?

‘बॉब अँडरसन १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून सेबर (कडेनेही वार करता येणारी तलवार) खेळले आणि पुढे ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या सिनेमात खलनायक डार्थ व्हेडरचा पोशाख चढवून लढतीही त्यांनीच केल्या. मग चांगल्या फेन्सरला, म्हणजे तलवारबाजीच्या खेळाडूला, सिनेमातली लढत बसवणं आपसूकच येत असेल ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पायांचं काम आणि अंतराचा अंदाज खेळातून आयता मिळतो. बाकीचं बरंचसं विसरावं लागतं.

खेळात सगळी करामत लपवण्यात असते. बोटांच्या जोरावर टोक जेमतेम हलवायचं, हुलकावणी द्यायची, वार समजायच्या आत घुसायचं. एपे या नुसत्या टोकाने खेळायच्या प्रकारात दोघांचे स्पर्श ४० मिलिसेकंदांच्या आत झाले तर दोघांनाही गुण मिळतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर सिनेमाची एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंदांची. ज्या फरकावर सामना फिरतो, तो पडद्यावर एका फ्रेममध्ये गडप होतो! म्हणून सिनेमात वार खांद्यापासून, हात आधी मागे नेऊन करायचा. प्रशिक्षकाने वर्षानुवर्षं ओरडून मोडलेली नेमकी तीच खोड.

क्रम असा: आधी नजरानजर. मग हल्ला करणारा हात मागे नेतो. ते पाहून समोरचा आपलं पातं अडवायच्या जागी आणतो, आणि वार त्यानंतरच पूर्ण होतो. फेन्सर चुकतो तो इथे. सवयीने त्याचा हात आधी सुटतो, नटाचं पातं अजून वाटेतच असतं आणि बोटं सापडतात. दुसरा धोका मला जास्त मोठा वाटतो. समोर मोकळी जागा दिसली की खेळाडूचा हात आपोआप तिथे जातो, ठरलेलं नसलं तरी. ही प्रतिक्षिप्त क्रिया मोडायलाच सर्वात जास्त वेळ लागतो.

अंतर असं ठेवायचं, की पाय पूर्ण टाकून हात लांबवला तरी टोक अंगापासून वीतभर अलीकडे थांबावं. भोसकण्याचा वार कमरेच्या बाहेरून, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने जातो. लांब पल्ल्याची लेन्स मधलं अंतर आवळून घेते. चेहऱ्याच्या रोखाने टोक कधीच नाही.

तालमीत चार ते सहा वारांचा एक तुकडा घ्यावा. आधी तलवारीशिवाय नुसते पाय, मग पाव वेगाने, अर्ध्या, पाऊण. वार आकड्यांनी पुकारले की गोंधळ होत नाही. उजव्या हाताच्या सेबरमध्ये तीन म्हणजे उजव्या बाजूचा बचाव, चार डाव्या, पाच डोक्यावरचा. वेग वाढला की दोघंही नकळत पुढे सरकतात आणि मूठ आवळतात. आवळलेल्या मुठीने वार जड होतो, वेळेवर थांबत नाही. कुणी एक वार विसरला तर दोघांनी टोक खाली करून थांबायचं; सावरून घेण्याच्या नादातच इजा होते.

हत्याराचा हिशेबही वेगळा. खेळातलं सेबर ५०० ग्रॅमच्या आत आणि लवचीक असतं. चित्रीकरणाची पोलादी तलवार जड, म्हणून मनगट लवकर थकतं; ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची हलकी असते, पण तिच्या कडेला भराभर दाते पडतात. असा दाता समोरच्याच्या पात्यात अडकतो, हात कापतो. दर टेकनंतर कडेवरून बोट नव्हे, कापडाचा तुकडा फिरवावा, आणि तो जिथे अडकेल तिथे कानस मारावी.