आठ अक्षरं

सोमवार

मावसबहिणीशी पैज लागली आहे. दहा दिवस, रोज एक छोटी कविता. एक दिवस दयेवर, दुसऱ्या दिवशी न्यायावर. 'दया', 'करुणा', 'न्याय', 'समता' यातला एक जरी शब्द कवितेत आला तरी ती बाद, ही अट तिची. मुक्तछंद चालणार नाही, ही माझी. लहान अभंगाचा साचा घ्यायचा: चरणाला आठ अक्षरं आणि जोडीला यमक. मात्रा मोजायच्या नाहीत, त्यामुळे जोडाक्षरसुद्धा एकच धरायचं. जी हरेल तिने पुरणपोळ्या करायच्या.

पहिली कविता चहा उकळेपर्यंत झाली.

उन्हामध्ये उभं झाड
सावलीस ना कवाड

लगेच पाठवली. उलट उत्तर आलं, "रिक्षाच्या मागे छान शोभेल." राग आला. मग परत वाचली आणि रिक्षा दिसायला लागली.

मंगळवार

न्याय. तासभर बसले. तराजू आला, डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती बाई आली, हातोडा आला. सगळं सिनेमातल्या कोर्टातलं. मी आयुष्यात एकदाच कोर्टाची पायरी चढले आहे, तीही वारसाच्या कागदासाठी, आणि तिथे हातोडा कुठेच नव्हता. पंख्याखाली फडफडणाऱ्या फायली तेवढ्या होत्या.

आणखी एक लक्षात आलं. दयेची कविता लिहिताना मी आपोआप देणाऱ्याच्या जागी जाऊन बसते. झाड मीच, सावली माझीच. न्यायाच्या कवितेत मला बसायला जागाच सापडत नाही. फिर्यादी म्हणून उभी राहिले की ओळीची घोषणा होते, आणि दुसऱ्या पिंजऱ्यात जायला मन घेत नाही.

बुधवार

मांजरावर चार चरण. इथे उतरवत नाही.

गुरुवार

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आठवत बसले. दोन-तीनच धड आठवल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, म्हणून निदान इतरांच्या आज्यांच्या तरी वाचायला मिळतात. आजीच्या सासुरवासाच्या ओव्यांत 'अन्याय' हा शब्द मी कधी ऐकला नाही. शिळी भाकर असायची. न्यायला न आलेला भाऊ असायचा. पहाटेच्या अंधारात अजून न संपलेली पायली असायची. अक्षरांचा हिशोबही त्यात नव्हता, जात्याचा फेरा पुरा होईल तिथे ओळ पुरी.

मी उगाच तराजू शोधत होते. घरातलीच एखादी वस्तू पाहिजे.

शनिवार

वस्तू सापडली. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर.

त्यावर दुधाच्या पिशव्यांचे आकडे असतात, गॅस लावल्याची तारीख असते आणि धुण्याभांड्याला येणारीच्या खाड्यांच्या फुल्या असतात. माझ्या आईच्या घरी असंच होतं, सासरीही असंच. मागच्या महिन्यात ती तापाने पडली होती. महिन्याच्या शेवटी मी खाड्यांचे पैसे कापले, महिना 2400, म्हणजे दिवसाचे 80. ती काही बोलली नाही. मलाही त्यात काही वाटलं नाही, कारण सगळेच कापतात. मग त्याच हातांनी तिला माझी एक साडी दिली, काठ जरा विरलेली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हेही खरं.

पगारातून कापले
तिच्या तापाचे दिवस
मग दिली जुनी साडी
म्हटलं, सणाला नेस

यमक ओढूनताणून आहे. राहू दे.

ही दयेची की न्यायाची, तेच ठरवता येईना. तुकोबांचा 'जे का रंजले गांजले' काढून बसले. शाळेत पाठ केला होता, परीक्षेत अर्थही लिहिला होता. रंजल्यागांजल्यांपाशीच मी आजवर थांबत आले. पुढे म्हटलं आहे की पोटच्या मुलावर जी दया, तीच दासावर आणि दासीवर. तीच. जास्त नाही, वेगळी नाही. माझ्या मुलाला ताप आला तेव्हा त्याच्या ऑफिसाने पगार कापला असता, तर मी काय काय बोलले असते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवार

कविता काल रात्री पाठवली होती. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. सकाळी एकच शब्द आला: "पैसे?"

दुपारी सासूबाईंना विचारलं. त्यांना 1980 चा पुण्यातला मोलकरणींचा संप आठवतो. आजारपणात खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढलं आणि त्यावरून बाकीच्या बायकांनीही कामं थांबवली. सासूबाई म्हणाल्या, "मोरीत भांड्यांचा ढीग आणि आम्ही सगळ्या गॅलरीत उभ्या." मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी तरी काय बोलणार? त्या गोष्टीला चाळीसहून जास्त वर्षं झाली आणि आमच्या भिंतीवर अजून फुल्या आहेतच.

सोमवार

ती आली तेव्हा मी पाकिटात 160 रुपये घालून तयार होते. काय बोलायचं ते रात्री ठरवून ठेवलं होतं, पण ते सगळं विसरले आणि पाकीट नुसतं ओट्यावर ठेवलं.

"हे कशाचे?"

"मागच्या महिन्याचे. तू आजारी होतीस ना, ते दोन खाडे. कापायला नको होते."

तिने हात पुसले, पैसे मोजले. खूश झाली नाही, की संकोचलीही नाही. पदराला गाठ मारता मारता म्हणाली, "तीन खाडे होते, ताई."

मी कॅलेंडरचं पान मागे उलटलं. 11, 12, 13. तीन फुल्या, माझ्याच पेनाच्या. आतून आणखी 80 आणून दिले. तिने नळ सोडला.

ती गेल्यावर तिचं वाक्य बोटांवर मोजलं. बरोब्बर आठ.

पैजेचे तीन दिवस उरलेत. पुरणाला डाळ आजच आणून ठेवते.